खुब्याचा निखळलेला सांधा : दुसऱ्या शस्त्रक्रियेची वेळ का येते?

बालकांना येणाऱ्या अपंगत्वाच्या कारणांपैकी काही कारणे अशी आहेत की, ती वेळीच ओळखली तर अपंगत्व बहुतांशी टाळता येते. खुब्याच्या सांध्याचे जन्मजात निखळणे हे त्यांपैकी एक होय. छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्ये सुरू झाले. 'घाटी' या नावाने परिचित असलेल्या त्याच्या रुग्णालयात मराठवाड्याच्या गावोगावचे रुग्ण उपचारासाठी येतात. अशा मोठ्या रुग्णालयांच्या अस्थिव्यंगोपचार विभागांना या विकाराची दोन रूपे हाताळावी लागतात. एक, उशिरा आणलेले मूल; आणि दुसरे, एकदा शस्त्रक्रिया होऊनही सांधा पुन्हा निखळलेले मूल. दुसरे रूप अधिक अवघड आहे.

दोष कोणता?

खुबा हा उखळीचा सांधा आहे. मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातील खोलगट उखळीत फिरतो. गोळा उखळीत असेल तरच उखळ खोल होत जाते आणि गोळाही घाटदार वाढतो. तो बाहेर राहिला तर उखळ उथळ राहते, स्नायू आखडतात आणि रिकाम्या जागेत चरबी व तंतुमय ऊती साचतात. म्हणूनच जो दोष पहिल्या महिन्यात पट्ट्याने सुधारतो, त्याच दोषासाठी तिसऱ्या वर्षी हाड कापावे लागते.

हजारी एक-दोन बालकांत सांधा प्रत्यक्ष निखळलेला आढळतो. मुलींमध्ये, पहिल्या अपत्यात, डाव्या बाजूला आणि कुटुंबात पूर्वी कोणाला हा विकार असल्यास त्याचे प्रमाण अधिक असते. पायाळू जन्मलेल्या बालकांनाही हा धोका जास्त असतो. पायाळू माणसाचा पाय लागला की उसण उतरते, असा समज आपल्याकडे आहे. त्या समजाचे काहीही असो; पायाळू बालकाचे खुबे मात्र तज्ज्ञाकडून अवश्य तपासून घ्यावेत.

बाळाला गुंडाळण्याची रीतही महत्त्वाची आहे. पाय सरळ जुळवून दुपट्यात घट्ट आवळल्यास सांध्यावर ताण येतो. याउलट, मूल कडेवर घेण्याची आपली जुनी पद्धत पाय फाकलेले व गुडघ्यात वाकलेले ठेवते आणि खुब्याला उपकारक ठरते. जपानमध्ये १९७५ च्या सुमारास अर्भकांचे पाय सरळ बांधू नयेत यासाठी देशव्यापी मोहीम झाली आणि या विकाराचे प्रमाण तेथे पुष्कळ घटले.

वय वाढते तसा उपचार बदलतो

सहा महिन्यांच्या आतील बालकाला बहुधा पट्ट्यांचा साज पुरतो. चेकोस्लोव्हाकियातील डॉ. अर्नोल्ड पावलिक यांनी १९४० च्या दशकात प्रचारात आणलेला हा साज आजही वापरला जातो. सहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान भूल देऊन गोळा उखळीत बसवितात आणि कमरेपासून पायापर्यंत प्लॅस्टर घालतात. त्यानंतरच्या वयात बहुधा सांधा उघडावा लागतो. उखळीचे छत पुढे आणण्यासाठी कमरेचे हाड कापून वळविण्याची जी पद्धत कॅनडातील डॉ. रॉबर्ट सॉल्टर यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केली, तिचाही अवलंब केला जातो. मूल मोठे असल्यास मांडीचे हाड काहीसे आखूड करतात, जेणेकरून गोळ्यावर दाब येत नाही.

सांधा पुन्हा का निखळतो?

याची कारणे बहुधा पहिल्या शस्त्रक्रियेशी किंवा तिच्यानंतरच्या काळाशी निगडित असतात. सांध्याच्या तळाशी असलेला आडवा बंध पुरेसा मोकळा न होणे, आखडलेला स्नायू तसाच राहणे, उखळीतील अडथळा पूर्णपणे न काढणे किंवा सांध्याची सैल पिशवी घट्ट न शिवली जाणे, यांमुळे गोळा खोलवर बसत नाही. कधी हाडांचा कोन चुकतो. उखळ आणि मांडीचे हाड या दोहोंना प्रमाणापेक्षा जास्त वळविले तर गोळा मागच्या बाजूस निसटू शकतो. काही वेळा प्लॅस्टर सैल होते आणि वेळेवर क्ष-किरण तपासणी न झाल्याने गोळा सरकल्याचे कळत नाही.

दुसऱ्या शस्त्रक्रियेचे स्वरूप

दुसऱ्या वेळी शल्यचिकित्सकाला जखमेच्या व्रणातून वाट काढावी लागते. प्रथम निखळण्याचे नेमके कारण शोधले जाते. त्यासाठी क्ष-किरण चित्रांबरोबर सी. टी. स्कॅनने हाडांचे कोन मोजतात. नंतर व्रणाच्या ऊती काढणे, राहून गेलेले बंध मोकळे करणे, हाडांची दिशा सुधारणे आणि पिशवी नव्याने शिवणे ही कामे बहुधा एकाच वेळी केली जातात.

तथापि पहिल्या शस्त्रक्रियेइतके यश दुसरीत मिळेलच असे नाही. गोळ्याचा रक्तपुरवठा खंडित होऊन त्याचा आकार बिघडण्याचा आणि सांधा ताठर होण्याचा धोका वाढतो. मूल सात-आठ वर्षांपलीकडे गेले असेल तर सांधा बसविण्याचा प्रयत्न करावा की नाही, याचाच विचार प्रथम करावा लागतो. म्हणून पहिली शस्त्रक्रिया अनुभवी हातांनी आणि योग्य वयात होणे हाच खरा उपाय होय.

गावाचे काम

या विकारात बालकाला वेदना होत नाहीत. त्यामुळे घरच्यांचे लक्ष जात नाही. लंगोट बांधताना एक मांडी पुरेशी न उघडणे, मांडीवरील वळ्या विषम असणे, गुडघे दुमडले असता एक खाली दिसणे, चालताना लंगडणे किंवा दोन्ही खुबे निखळले असल्यास बदकासारखे डुलत चालणे, ही लक्षणे आहेत. 'मोठेपणी पाय आपोआप बसेल' असे म्हणून थांबू नये.

आशा कार्यकर्ती प्रसूतीनंतर ४२ दिवसांपर्यंत गृहभेटी देते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात, म्हणजे २०१३ पासून, तपासावयाच्या विकारांत हा दोष समाविष्ट आहे. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा येतात. संशयित बालकाला पुढे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविता येते. शस्त्रक्रियेच्या खर्चासंबंधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील पात्रतेची चौकशी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे करावी.

शस्त्रक्रियेनंतरची जबाबदारी मात्र गावातच पार पाडावयाची असते. प्लॅस्टर कोरडे ठेवणे, पायाच्या बोटांचा रंग व हालचाल पाहणे, दुर्गंधी किंवा ताप आल्यास तत्काळ डॉक्टरांना दाखविणे आणि ठरलेल्या तारखेस तपासणीला जाणे अगत्याचे आहे. हातावर पोट असलेल्या आईबापांना एका फेरीसाठी दिवसाची मजुरी सोडावी लागते, हे लक्षात घेऊन ग्रामपंचायतीने प्रवासाची सोय पाहिली आणि शिक्षकाने चुकलेल्या तारखेची आठवण दिली, तर सरकलेला सांधा लवकर ध्यानात येईल. मूल बरे चालू लागले तरी हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत तपासणी थांबवू नये. सांधा बसविणे हे शल्यचिकित्सकाचे काम आहे. तो बसलेला राहावा यासाठी घर, शाळा व गाव यांचे साहाय्य तितकेच आवश्यक आहे.