सदाफुलीचं औषध आणि पोरांची पावलं

कल्याणजवळच्या मोहन्यातला एनआरसीचा कारखाना २००९ पासून बंद आहे. तिथं व्हिस्कोस रेयॉनचा धागा निघायचा, आणि व्हिस्कोस म्हटलं की कार्बन डायसल्फाइड आलंच. हे रसायन वर्षानुवर्षं श्वासातून गेलं तर हातापायांच्या नसा निकामी होतात, हे वैद्यकाला शंभराहून अधिक वर्षं ठाऊक आहे. जीव वाचवणारं औषधही नेमकं हेच करू शकतं, ही गोष्ट मात्र पालकांना सहसा पोराचा पाय घसटू लागल्यावरच कळते.

विन्क्रिस्टिन हे ते औषध. अंगणातल्या सदाफुलीपासून मिळालेलं, अमेरिकेत १९६३ मध्ये मान्यता पावलेलं. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगाचे, म्हणजे तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाचे, उपचार दोन-अडीच वर्षं चालतात आणि त्यांत ते लागतंच. पेशी दुभंगायला ज्या सूक्ष्म नलिका लागतात, त्या ते मोडतं. नसांमधली मालवाहतूकही तसल्याच नलिकांवरून चालते. सर्वांत लांबच्या नसा पावलांपर्यंत जातात, म्हणून पहिला फटका तिथं.

लहान मूल ‘मुंग्या येतात’ असं सांगत नाही. ते ठेचकाळतं, कठडा धरून जिना चढतं, शर्टाची बटणं आईकडून लावून घेतं. घरात त्याला लाड म्हणतात. जबडा दुखणं आणि बद्धकोष्ठताही याच औषधाची देणगी असू शकते.

गोळी देऊन नसांची ही हानी टाळता येईल का? अमेरिकी कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२० मध्ये प्रौढांसाठी मार्गदर्शक सूचना सुधारल्या, तेव्हाही प्रतिबंधासाठी एकाही औषधाची शिफारस केली नाही. ॲक्युपंक्चर, बर्फाचे हातमोजे यांचे प्रयोग झाले, पण मुख्यतः प्रौढांवर आणि बहुधा वेगळ्या औषधांसाठी. ते मुलांच्या गळ्यात मारू नयेत.

उरतो व्यायाम. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ल्युकेमियाची २८ मुलं होती. त्यांतल्या काहींना चार महिने घोट्याचे ताण, पायांच्या ताकदीचे व्यायाम आणि चालणं असा क्रम दिला. त्यांचा घोटा वर वळण्याची क्षमता आणि गुडघ्याची ताकद सुधारली. अभ्यास लहान आहे, पण माझ्या मते दिशा पक्की आहे. व्यायामानं नस उगवत नाही. ती सावरेपर्यंत, आणि त्याला महिने लागतात, पोटरी आखडू न देणं एवढंच काम. पाऊल लोंबू लागलं तर घोट्याला आधार देणारी पट्टी बुटात बसते. प्लेटलेट्स कमी असतील तेव्हा जोराचा व्यायाम आणि रगडून मालिश दोन्ही बंद. गरम पाण्याची पिशवी तर नकोच. बधिर पावलाला चटका कळत नाही.

मोहन्याजवळच्या आंबिवलीहून परळच्या टाटा रुग्णालयात जायचं म्हणजे अर्धा दिवस लोकलचा. कर्करोगग्रस्तांना दिव्यांगांच्या डब्यातून जाता येतं, तेवढीच सोय. रोजचा फिजिओथेरपिस्ट इतक्या लांबून परवडत नाही, म्हणून हे व्यायाम एकदा नीट शिकून घरी करण्याजोगे आहेत, हे महत्त्वाचं. गावातल्या डॉक्टरनं बुरशीवर इट्राकोनाझोल लिहून दिलं तर कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. विन्क्रिस्टिनचा त्रास त्यानं वाढतो. चूर्ण-काढ्यांचंही तसंच. आणि पाय दुखतात म्हणून केमो परस्पर चुकवू नका.

पुढच्या तारखेला डॉक्टरांसमोर पोराला अनवाणी, टाचांवर चार पावलं चालायला सांगा. चवडा उचलत नसेल तर फिजिओथेरपीची चिठ्ठी त्याच दिवशी मागून घ्या.