बिल्ला, पदक की सन्मानचिन्ह? ऑर्डर घेण्याआधी हे वाचा

ट्रॉफी-बॅजच्या धंद्यावरचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न येतोय, "सर, मशीन कोणतं घ्यायचं?" मशीनचं बघू नंतर. माझं पहिलं नुकसान मशीनने केलं नाही, एका शब्दाने केलं.

दुकान टाकून चार महिने झाले होते. एका मंडळाचा फोन आला, "दोनशे बिल्ले पाहिजेत, परवा सकाळी." मी रात्र जागून दोनशे पिन-बटण बॅज काढले. गोल, ५८ मिलिमीटरचे, मंडळाचं चिन्ह छापून. न्यायला आलेला पोरगा पिशवीत हात घालून बघतच राहिला. त्यांना गळ्यात अडकवायची ओळखपत्रं हवी होती, नाव-फोटो आणि दोरीसकट. ते त्यालाच बिल्ला म्हणतात. साहित्याचे अडीच हजार गेले आणि ते मंडळ परत आलं नाही. चूक माझीच. मी माझ्या डोक्यातला बिल्ला बनवला, त्यांच्या डोक्यातला विचारलाच नाही.

आता बघा, आपल्या घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात जाऊन "बिल्ला आहे का?" विचारलं तर लोक म्हशीचा कान दाखवतील. तो पिवळा टॅग, बारा आकडी नंबरचा. १ जून २०२४ पासून राज्यात तो नसेल तर जनावराची खरेदी-विक्री करता येत नाही, म्हणून तो शब्द आता घरोघरी झालाय. रेल्वे स्टेशनवर विचारलं तर हमालाच्या दंडावरचा पितळी बिल्ला. 'दीवार' (१९७५) पाहिलेल्या माणसाला ७८६ नंबर आठवेल. शब्द एक, पण वस्तू तीन-चार, आणि प्रत्येकीचं मटेरियल आणि दर वेगळा.

जुन्या ऑफिसातला 'पट्टेवाला' घ्या. खांद्यावरून आडवा पट्टा आणि त्यावर पितळी बिल्ला, म्हणून तो पट्टेवाला. 'चपराशी' हा शब्दही तसाच, 'चपरास' म्हणजे तो बिल्लाच. चिन्हावरून माणसाचं नाव पडलं. लोक या वस्तू इतक्या मनावर का घेतात, ते यावरून समजतं.

म्हणून आता माझ्या ऑर्डर फॉर्मवर पहिला रकाना वस्तूच्या नावाचा नाही. पहिला प्रश्न: "हे कुठे लागणार?" छातीवर लागणार असेल तर बॅज किंवा नावाची पट्टी. मग लगेच पुढचं, पिन की मॅग्नेट? साडीला पिन चालते, पण कोटवाले मॅग्नेट मागतात. गळ्यात असेल तर पदक किंवा ओळखपत्र. दोघांना दोरी लागते, पण पदकाची फीत रुंद असते आणि मुलं ती ओढतात, तिथे कडी मजबूत घ्या.

हातात उचलून फोटो काढायचा असेल तर खरी गंमत. चषक, करंडक, ढाल सगळ्याला गिऱ्हाईक 'ट्रॉफी' म्हणतं. चषक म्हणजे मुळात प्यायचा पेला, म्हणून वर्ल्ड कप आपल्या पेपरात विश्वचषक झाला. करंडक आपल्या कुंकवाच्या करंड्याच्या घरातला. रणजी करंडक, एकांकिकांचा पुरुषोत्तम करंडक ही नावं पाठ असतात, पण मुळात ती डबी हे कोणाच्या लक्षात नसतं. शब्द कोणताही वापरू दे, तुम्ही फोटो दाखवा आणि उंची इंचात लिहून घ्या. ढालीचं मात्र एक विचारायचंच: कायमची की फिरती? फिरत्या ढालीवर दरवर्षीच्या विजेत्याच्या पट्टीला जागा सोडावी लागते.

आणि फिरत्या ढालीवर बहुतेक वेळा "कै. अमुक यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ" असतं. 'कै.'ची ओळख आणि विजेत्याचं नाव एका ओळीत कधीच येऊ देऊ नका. माझ्याकडून एकदा डिझाइनमध्ये ते शेजारी आलं. छापायच्या आधी आईने बघितलं म्हणून वाचलो, नाहीतर अंडर-फोर्टीनचा कॅप्टन स्टेजवर कैलासवासी झाला असता.

तसंच 'स्मृतिचिन्ह'. पाहुण्यांना, सहभागी झालेल्यांना आठवण म्हणून द्यायचं ते स्मृतिचिन्ह. ज्याचा सत्कार आहे त्याला सन्मानचिन्ह. एका गुरुजींच्या सेवापूर्तीला कमिटीने 'स्मृतिचिन्ह' लिहून आणलं होतं. त्यांचा मुलगा संध्याकाळी एकटाच दुकानात आला, म्हणाला, "दादा, तेवढा शब्द बदलता येईल का? आईला ते हार घातलेल्या फोटोसारखं वाटतंय." मी पट्टी बदलून दिली, पैसे घेतले नाहीत. पट्टी पन्नास रुपयांची. त्या घरातून पुढे तीन ऑर्डर आल्या.

जत्रेच्या आखाड्याची ऑर्डर असेल तर गदा. महाराष्ट्र केसरीची चांदीची गदा सगळ्यांनी पाहिलेली असते, २०२५ ला तर स्पर्धा आपल्या अहिल्यानगरलाच झाली. त्यामुळे गावही "चांदीची गदा" म्हणतं. बिलावर स्पष्ट लिहा: चांदीची, की चांदीचा मुलामा. हे तोंडी ठेवलंत तर भांडण पैलवानाशी आहे, एवढं लक्षात ठेवा!

मानपत्रात आणखी एक येतं. आपल्या जिल्ह्यातल्या राहीबाई पोपेरे आणि पोपटराव पवार यांना २०२० ला पद्मश्री जाहीर झाली. असा पाहुणा असेल तर कमिटी नावाआधी 'पद्मश्री' लिहायला सांगते. सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्ये सांगितलंय की हे पुरस्कार म्हणजे पदवी नाही, नावाच्या मागे-पुढे लावायचे नाहीत. नावाखाली वेगळ्या ओळीत "पद्मश्री पुरस्काराने सन्मानित" लिहा, मान तेवढाच राहतो.

सगळ्यात जपून घ्यायची ऑर्डर म्हणजे "यावर राजमुद्रा टाका". कोणती, हे विचाराच. बरेच जण शिवाजी महाराजांची अष्टकोनी मुद्रा म्हणतात. पण काहींना सारनाथच्या सिंहांची, म्हणजे भारताची राजमुद्रा हवी असते, नेमप्लेटवर, गाडीच्या बॅजवर. त्यासाठी २००५ चा वेगळा कायदा आहे. अधिकार नसताना वापरली तर दोन वर्षांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. माजी पदाधिकाऱ्यालाही ती आपोआप चालत नाही. मागच्या महिन्यात एक ओळखीचे काका दोन हजार ॲडव्हान्स टेबलावर ठेवून बसले होते, "कोण बघतंय रे?" मी चहा पाजला, पैसे परत दिले आणि संस्थेचं स्वतःचं बोधचिन्ह काढून देतो म्हटलं. ते अजून आलेले नाहीत.

ऑर्डर फॉर्मचा फोटो व्हिडिओखाली टाकलाय. पुढच्या वेळी दर कसा काढायचा ते बघू.