पणज्यांची वये

शाळेत मधल्या सुट्टीत डबे उघडले, की बोलण्याच्या ओघात एक वाक्य हमखास येते. "आमची पणजी नव्वद वर्षांची होऊन गेली. शेवटपर्यंत दात शाबूत, चष्मा नाही, दवाखान्याची पायरी कधी चढली नाही." लगेच दुसऱ्या बाई आपल्या आजेसासूबाईंचे उदाहरण देतात, तिसरे सर आपल्या आईच्या आजीचे. मग सर्वानुमते निष्कर्ष निघतो : पूर्वीच्या बायका दणकट होत्या, घरचे दूधतूप खात होत्या, दळणकांडण करत होत्या, म्हणून दीर्घायुषी होत्या.

आता जनगणनांवरून काढलेले आकडे पाहा. १९०१ ते १९११ या दशकात भारतीय स्त्रीचे जन्मवेळचे सरासरी आयुर्मान सुमारे २३ वर्षे होते. पुढच्या दशकात १९१८ सालची इन्फ्लुएंझाची साथ आली आणि हा आकडा २० च्या आसपास उतरला. आपल्या बऱ्याच जणांच्या पणज्या याच काळात जन्मल्या किंवा नांदल्या.

मग खरे काय? पणजीचे वय फुगवून सांगितले जाते, की जनगणनेचे गणित चुकले? बहुतेक वेळा दोन्ही बरोबर असतात. चूक आपल्या तुलनेत असते. ती कशी, हे वर्गात फळ्यावर पाच मिनिटांत दाखवता येते.

दहा मुली, तीन सरासऱ्या

समजा, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एका गावात दहा मुली जन्मल्या. उदाहरण कल्पित आहे, पण त्या काळाला धरून आहे. तिघी वर्षाच्या आतच गेल्या. हिशेबाच्या सोयीसाठी त्यांचे वय ० धरू. एक दोन वर्षांची होऊन गेली, एक चार वर्षांची. एक पंधराव्या वर्षी तापाने गेली. एक पंचविसाव्या वर्षी बाळंतपणात गेली, मागे एक मूल ठेवून. उरलेल्या तिघी अनुक्रमे ४५, ६० आणि ६९ वर्षे जगल्या.

दहाही वयांची बेरीज २२० होते. भागिले १०, म्हणजे सरासरी २२ वर्षे. जनगणनेचा आकडा या जातीचा असतो. त्यात जन्मलेली प्रत्येक मुलगी मोजलेली असते, पाळण्यात गेलेलीसुद्धा. म्हणून 'सरासरी आयुर्मान २३' याचा अर्थ 'बायका २३ व्या वर्षी म्हाताऱ्या होऊन मरत' असा नाही. विद्यार्थी हमखास ही गल्लत करतात. आपल्या उदाहरणात बावीस वर्षांची होऊन गेलेली एकही नाही! बऱ्याच जणी फार लवकर गेल्या आणि काही जणी बऱ्याच जगल्या, या दोन टोकांमधून ही सरासरी निघाली आहे.

आता या दहांपैकी पुढे कोणाच्या तरी पणज्या कोण झाल्या असतील? ज्यांना मुले झाली आणि ती मुले जगली, त्याच. म्हणजे शेवटच्या चौघी. त्यांची वये २५, ४५, ६० व ६९. बेरीज १९९, सरासरी जवळजवळ ५०.

गंमत इथे संपत नाही. समजा, या चौघींची मोठी झालेली मुले अनुक्रमे १, २, ३ आणि ४ आहेत. अशा दहा मुलांना आपण विचारले, "तुमची आई किती वर्षे जगली?" तर एक जण २५ सांगेल, दोघे ४५, तिघे ६० आणि चौघे ६९. बेरीज ५७१, सरासरी ५७ वर्षे! जास्त जगलेल्या बाईला मुले जास्त होण्याची आणि ती सांभाळून मोठी करण्याची संधी जास्त. म्हणून तिचे वय सांगायला माणसेही जास्त उरतात.

गाव तेच, मुली त्याच. सरासऱ्या मात्र तीन : २२, ५० आणि ५७. पहिली जन्मलेल्या सर्वांची, दुसरी आया झालेल्यांची, तिसरी वंशजांच्या तोंडून ऐकलेली. मधल्या सुट्टीत ऐकू येते ती तिसरी. शिवाय त्या गप्पांत चाळणी आणखी एकदा लागते. जिची पणजी ९० वर्षांची झाली ती कौतुकाने सांगते. जिची पणजी तिसाव्या वर्षी गेली ती गप्प बसते, कारण तिला त्या पणजीबद्दल कोणी काही सांगितलेलेच नसते.

संख्याशास्त्रात याला निवडीतला दोष म्हणतात. नमुना निवडण्याच्या पद्धतीतच उत्तर दडलेले असते. पूर्वजांची यादी करताना निवड आपण करत नाही, काळाने ती आधीच करून ठेवलेली असते. आपल्या एकाही पूर्वजाचा मृत्यू बालपणी झालेला नाही. तसा झाला असता तर आपण नसतो!

वंशवृक्षातून गळलेल्या

कल्पित उदाहरण सोडून तीन खऱ्या आयुष्यांकडे पाहू. तिघींचाही जन्म १८६० नंतरच्या दशकातला.

आनंदीबाई जोशी १८६५ साली जन्मल्या. माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झाले, कोवळ्या वयात मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. १८८६ साली त्या अमेरिकेत फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या. प्रबंधाचा विषय होता प्रसूतिशास्त्र. पुढच्याच वर्षी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधी, क्षयाने त्यांचा मृत्यू झाला. धोंडो केशव कर्वे यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई १८९१ साली बाळंतपणात गेल्या, तेव्हा त्या २७ वर्षांच्या होत्या. त्यांचा मुलगा रघुनाथ तेव्हा नऊ वर्षांचा होता. हेच पुढे संततिनियमनाचा प्रसार करणारे र. धों. कर्वे, त्यांनी स्वतःला मूल होऊ दिले नाही. तिसऱ्या 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक. माहेरच्या मनू गोखले. १८६८ साली जन्मल्या, १९३६ साली गेल्या आणि त्यांचा वंश पुढे चालला.

तिघींच्या वयाची सरासरी चाळिशीच्या आत येते. पण 'माझी पणजी' म्हणून वंशजांच्या तोंडून आज ऐकू येऊ शकते ते एकच वय, सुमारे ६८. तीन उदाहरणांवरून आकडेवारी मांडता येत नाही, हे खरे. पण चाळणी कशी चालते ते त्यांवरून कळते. आनंदीबाई आणि राधाबाई इतिहासामुळे आपल्याला माहीत आहेत. त्यांच्यासारख्या इतर असंख्य जणी कुठेच नाहीत.

कुलवृत्तांत उघडून पाहा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मराठी घराण्यांनी असे अनेक ग्रंथ मोठ्या कष्टाने तयार केले. त्यांतला वंशवृक्ष बहुधा बापाकडून मुलाकडे जातो. पत्नीचे नाव असलेच तर ते सासरचे. लग्नात नाव बदलण्याची चाल असल्याने माहेरची यमुना आणि सासरची आनंदी या एकच, हे कागदावरून कळत नाही. माहेरच्या वृक्षात ती 'मुलगी दिली' म्हणून संपते आणि सासरच्या वृक्षात वडिलांचे नाव मागे टाकून उगवते. पहिली पत्नी गेल्यावर वर्षभरात दुसरी येते. पहिलीला मूल नसेल तर तिचे नावही नसते. आणि 'अपत्ये अल्पवयात वारली' या तीन शब्दांत किती मुली मावल्या, ते मोजायला मार्ग राहत नाही.

शोध कसा घ्यावा?

तरीही शोध घेता येतो, आणि आठवी-नववीच्या मुलांकडून करून घेण्याजोगा तो सुंदर प्रकल्प आहे. सुरुवात कागदापासून न करता घरातल्या सर्वांत वयस्क बाईपासून करावी. तिला सन आठवत नाही, पण घटना आठवतात. "पानशेतचा पूर आला तेव्हा तुझी आई होती का?" "कोयनेच्या भूकंपाच्या वेळी तू केवढी होतीस?" मुलांनी आधी घटनांची यादी करावी : १९१८ ची साथ, १९४२ ची चळवळ, १९४८ साली गांधीजींची हत्या, १९६१ चा पानशेतचा पूर, १९६७ चा कोयनेचा भूकंप, १९७२ चा दुष्काळ. या खुंट्यांना अडकवत गेले की जन्ममृत्यूची वर्षे चार-पाच वर्षांच्या फरकाने तरी हाती येतात.

मग कागद. जुन्या शाळेचे जनरल रजिस्टर, तहसील कचेरीतला जन्ममृत्यूच्या नोंदींचा गाव नमुना नंबर १४, वारसांच्या नोंदी, त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. १९५६ सालच्या हिंदू वारसा कायद्याने मुलगी बापाच्या मिळकतीची वारस ठरली, त्यामुळे त्यानंतरच्या वारसनोंदींत मुलींची नावे भेटू लागतात. जन्ममृत्यूची नोंद देशभर सक्तीची करणारा कायदा १९६९ सालचा. त्याआधीच्या नोंदी तुटक असणार हे गृहीत धरावे.

आता मुख्य युक्ती. मुलांना दोन याद्या करायला सांगाव्यात. पहिल्या यादीत आई, आज्या, पणज्या अशा थेट पूर्वज. दुसऱ्या यादीत आजीच्या सख्ख्या बहिणी : जन्मलेल्या सगळ्या, लहानपणी गेलेल्यासुद्धा. आजीला स्वतःला या यादीतून वगळायचे. कारण आजी जगली म्हणूनच तर आपण तिला प्रश्न विचारतो आहोत. तिच्या बहिणी मात्र जगल्या काय किंवा न जगल्या काय, नातवंडाच्या असण्याशी त्याचा संबंध नाही. म्हणून ही यादी खऱ्या परिस्थितीच्या अधिक जवळ जाते. सगळ्या वर्गाच्या याद्या एकत्र करून दोन्ही सरासऱ्या काढाव्यात. ज्या हयात आहेत त्यांचे आजचे वय म्हणजे आयुष्य नव्हे, तेव्हा त्यांची वेगळी नोंद ठेवावी.

हा नुसता शाळकरी खेळ नाही. जिथे मृत्यूंच्या नोंदी नीट होत नाहीत तिथे किती बायका बाळंतपणात दगावतात हे शोधण्यासाठी वेंडी ग्रॅहम, विल्यम ब्रास आणि रॉबर्ट स्नो यांनी १९८९ साली एक पद्धत प्रसिद्ध केली. तिचा गाभा हाच : मोठ्या माणसांना त्यांच्या बहिणींबद्दल विचारायचे. किती बहिणी वयात आल्या? त्यांतल्या किती हयात आहेत? किती वारल्या? त्यांतल्या किती गरोदरपणी, बाळंत होताना किंवा त्यानंतरच्या सहा आठवड्यांत वारल्या? एवढ्या चार प्रश्नांवरून मातामृत्यूचा अंदाज बांधता येतो.

एक खबरदारी मात्र हवी. कोणाच्या घरी दत्तक मूल असते, कोणाचे वडील सोडून गेलेले असतात, एखाद्या मृत्यूबद्दल घरात बोलले जात नाही. म्हणून हा प्रकल्प ऐच्छिक ठेवावा, नावाऐवजी नाते आणि वय एवढेच मागावे, आणि वर्गात कोणाचेही घराणे वाचून दाखवू नये.

आईची आई, तिची आई

कागदावर तुटलेली स्त्रियांची साखळी शरीरात मात्र टिकून असते. आपल्या पेशींतल्या तंतुकणिकांना स्वतःचा छोटासा डीएनए असतो आणि तो आईकडूनच येतो. मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही तो मिळतो. पुढे देते ती फक्त मुलगी. १९८७ साली रिबेका कॅन, मार्क स्टोनकिंग आणि ॲलन विल्सन यांनी जगाच्या निरनिराळ्या भागांतल्या १४७ व्यक्तींचा हा डीएनए तपासला. त्यावरून आज हयात असलेल्या सर्वांच्या मातृशाखा सुमारे दोन लाख वर्षांपूर्वीच्या, बहुधा आफ्रिकेतल्या, एका स्त्रीपाशी मिळतात असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्या वेळी ती एकटीच बाई पृथ्वीवर होती असे नव्हे. इतरही होत्या, पण त्यांची मुलीकडून मुलीकडे जाणारी शाखा कुठे ना कुठे खुंटली. म्हणजे इथेही तीच चाळणी!

ही चाळणी आता बरीच सैल झाली आहे. २०१६ ते २०२० या काळात भारतीय स्त्रीचे सरासरी आयुर्मान ७१ वर्षांच्या पुढे गेले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी दोनशेहून अधिक वर्षाच्या आत दगावत. २०२० साली हा आकडा २८ होता. घरचे तूप कमी झाले तरी हे घडले ते लसी, स्वच्छ पाणी, दवाखान्यातली बाळंतपणे, लग्नाचे वाढलेले वय आणि मुलींचे शिक्षण यांमुळे. पूर्वीच्या बायका आपल्याहून दणकट होत्या असे मानले, की या साऱ्याची गरजच दिसेनाशी होते.

तेव्हा पुढच्या वेळी मधल्या सुट्टीत कोणी नव्वदीच्या पणजीची गोष्ट सांगू लागले, तर ती जरूर ऐकावी. खरीच असेल. फक्त शेवटी एक प्रश्न विचारावा : "तिला बहिणी किती होत्या?"