सिंहाचं वजन केलं कोणी?

वडखळ नाक्यावर ज्यांचा दिवस ट्रकांच्या रांगा बघण्यात जातो, त्यांना वजनकाट्याची चिठ्ठी समजावून सांगावी लागत नाही. गाडी एकदा रिकामी काट्यावर चढते, एकदा भरून. चिठ्ठीवर तीन आकडे येतात: ग्रॉस (भरलेल्या गाडीचं वजन), टेअर (रिकाम्या गाडीचं) आणि नेट (नुसत्या मालाचं). डोलवीच्या कारखान्यातून निघालेल्या पोलादाचं बिल नुसत्या ग्रॉसवर करा म्हटलं, तर हिशेबनीस तुमच्याकडे बघतच राहील. जंगली सिंहांची वजनं म्हणून पुस्तकांतून फिरणारे कितीतरी आकडे मात्र नुसते ग्रॉस असतात. काही तर चिठ्ठीविनाच आलेले.

भुकेला नर सिंह एका बैठकीत तीस किलोच्या वर मांस खाऊ शकतो. म्हणजे 190 किलोचा सिंह पोटभर जेवून उठला की काट्यावर सहज 220 भरेल. आता तो काट्यावर येतो कधी, ते बघा. शिकारी आमिष बांधायचे, सिंह येऊन ताव मारायचा आणि तिथेच गोळी खायचा. आजचे अभ्यासकही बऱ्याचदा आमिषावर बोलावूनच त्याला बेशुद्धीची सुई मारतात. त्यामुळे ही चूक कधी इकडे, कधी तिकडे होत नाही, सदा वजन वाढवण्याकडेच झुकते. सरासरी काढली तरी ती पुसली जात नाही. मेलेल्या जनावराचं पोट उघडून आतला ऐवज वजा करता येतो. जिवंत सिंहाचं तसं करता येत नाही. म्हणून सेरेंगेटीतल्या अभ्यासकांनी पोटाच्या फुगवट्याला गुण देण्याची पद्धत बसवली. निदान जेवलेला कोण आणि उपाशी कोण, एवढं तरी नोंदीत राहतं.

काटा जवळ नसेल तर छातीभोवती टेप लावतात आणि घेरावरून वजनाचं गणित मांडतात. त्यात गैर काही नाही. पण पुढे कोणीतरी तक्ता करतं, आणि हा अंदाज खऱ्या वजनाच्याच रकान्यात जाऊन बसतो.

केनिया पर्वताजवळच्या एका सिंहाचं वजन संदर्भग्रंथांत 272 किलो दिलेलं असतं. आकडा कसा काटेकोर वाटतो! पौंडांत बदलून पाहिलं की नेमके 600 येतात. सिंह सहाशे पौंडांचा असू शकतोच. पण असा गोल आकडा दिसला की काट्याची खूण किती पौंडांवर होती, हे विचारायला हवं. 597 किंवा 604 असतं, तर माझा चटकन विश्वास बसला असता.

विक्रम म्हणून नेहमी सांगितला जातो तो 1936 मध्ये दक्षिण आफ्रिकेत हेक्टरस्प्रुइटजवळ मारलेला सिंह, 313 किलोंचा. हेक्टरस्प्रुइट हे क्रुगर राष्ट्रीय उद्यानाच्या शेजारचंच गाव. त्या उद्यानातल्या सिंहांचा 1980 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास प्रौढ नराची सरासरी 187.5 किलो आणि मादीची 124.2 किलो देतो. विक्रमवीर सरासरीच्या 1.67 पट भरतो. वजन घनफळाच्या प्रमाणात वाढतं, तेव्हा बांधा तोच ठेवायचा तर लांबी, रुंदी आणि उंची, तिन्ही सुमारे 19 टक्क्यांनी वाढायला हवीत. शेपटीसकट पावणेतीन मीटरचा सिंह सव्वातीन मीटरच्याही थोडा पुढे जाईल. एवढ्यावरून नोंद खोटी ठरत नाही, पण पुरावा मात्र आकड्याच्या तोलाचा हवा.

शिवाय मध्यम सिंहासाठी काटा जंगलात कोण ओढत नेणार? नोंद व्हायची ती दांडग्यांची. आपल्याकडेही उमरेड-कऱ्हांडल्यातून 2016 साली नाहीसा झालेला ‘जय’ वाघ आशियातला सर्वांत मोठा म्हणून गाजला. मोठा म्हणजे लांबीने, उंचीने की वजनाने, आणि ते मोजलं कोणी, या प्रश्नांना बातम्यांत फारशी जागा मिळाली नाही.

सगळ्यांत अवघड प्रश्न मात्र माणसाचा. कर्नल रिचर्ड माइनर्टझहागेन यांनी 1938 मध्ये मोठ्या सस्तन प्राण्यांची वजनं-मापं प्रसिद्ध केली. त्यांत पूर्व आफ्रिकेचे सिंह होते आणि पुढच्या तक्त्यांनी ते बिनदिक्कत उचलले. याच गृहस्थांनी संग्रहालयांतून पक्ष्यांचे नमुने चोरून त्यांवर खोट्या चिठ्ठ्या लावल्याचं पुढे उघड झालं. त्यातली एक चोरी थेट आपल्या खानदेशाशी जोडलेली आहे. रानपिंगळा या छोट्या घुबडाचा एक नमुना आपण 1914 मध्ये गुजरातेत मांडवीला मिळवला, असा त्यांचा दावा होता. पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी तपासलं, तेव्हा तो एकोणिसाव्या शतकात जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात मिळवलेला निघाला. पेंढा भरण्याची धाटणीच डेव्हिडसन यांची होती. खोटी चिठ्ठी बाजूला पडली, आणि शोध खऱ्या ठिकाणांकडे वळला. नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात रानपिंगळा जिवंत सापडला, शतकाहून अधिक काळाने.

मग या कर्नलच्या सिंहांचं काय करायचं? सगळं खोटंच असेल असं नाही. पण मांडवीचा पिंगळाही वरवर शक्य कोटीतलाच वाटत होता. पक्ष्याचा नमुना निदान कपाटात होता, म्हणून टाके उसवून बघता आला. वजनाच्या आकड्याला उसवायला टाकेच नसतात. मी तक्ता करायला बसलो, तर त्यांची ओळ गाळून क्रुगरची घेईन.