विज्ञानकथेतील परग्रहवासीयांचे मानवी वेषांतर : स्वरूप आणि कसोट्या

प्रस्तावना :
परग्रहावरून आलेला जीव मानवाचे रूप घेऊन मानवी वस्तीत वावरतो, ही विज्ञानकथेतील रूढ कल्पना आहे. रूप पालटण्याची कल्पना मात्र पुष्कळ प्राचीन आहे. महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यानात चार देव नलाचे रूप घेऊन दमयंतीच्या स्वयंवरात उपस्थित होतात. दमयंतीने प्रार्थना केल्यावर ते आपली लक्षणे प्रकट करतात. त्यांना घाम येत नाही, त्यांची पापणी लवत नाही, सावली पडत नाही आणि पाय भूमीला टेकत नाहीत. ज्याला घाम आहे, सावली आहे, तोच नल ठरतो. विज्ञानकथेतील परग्रहवासी अशी लक्षणे आपणहून प्रकट करीत नाही. त्यामुळे कसोटी मानवालाच शोधावी लागते आणि मानवाला मानव कशामुळे म्हणावे, याचे उत्तर त्या कसोटीत दडलेले असते. प्रस्तुत लेखात अमेरिकन विज्ञानकथेतील तीन कलाकृतींच्या आधारे या वेषांतराचे विवेचन केले आहे.

१. शरीराची नक्कल :
जॉन डब्ल्यू. कॅम्पबेल यांची ‘हू गोज देअर?’ ही दीर्घकथा १९३८ मध्ये प्रसिद्ध झाली. अंटार्क्टिकावरील संशोधन-तळावर बर्फात सापडलेला जीव कोणत्याही प्राण्याची पेशीपर्यंत हुबेहूब नक्कल करतो. चेहरा, आवाज, स्मृती यांवरून तो ओळखता येत नाही. पहिली रक्तद्रव-चाचणी निष्फळ ठरते. कारण तिच्यासाठी ज्या दोघांनी रक्त दिले, त्यांतील एक स्वतःच तोतया असतो. अखेर तापविलेल्या तारेची कसोटी यशस्वी होते. मानवाचे रक्त शरीराबाहेर केवळ द्रव असते. परग्रहवासीयाचे रक्त मात्र स्वतंत्र जीवाप्रमाणे स्वतःचा बचाव करू पाहते. अंश समग्रासाठी असणे, हे येथे मानवी शरीराचे लक्षण ठरते.

२. शरीराचा ताबा :
रॉबर्ट हाइनलाइन यांच्या ‘द पपेट मास्टर्स’ (१९५१) या कादंबरीत शरीर खऱ्या मानवाचेच असते. शनीच्या टायटन या उपग्रहावरून आलेले गोगलगायीसारखे जीव पाठीला चिकटून त्याच्या मनावर ताबा मिळवितात. येथे वेषांतराचे साधन म्हणजे मानवाचे कपडे. म्हणून शासन नागरिकांना पाठ उघडी ठेवण्याची सक्ती करते. स्वतंत्र इच्छाशक्ती हे मानवाचे लक्षण मानणाऱ्या या कादंबरीत त्या स्वातंत्र्याच्या रक्षणासाठी नागरिकाचा खासगीपणा हिरावला जातो, ही विसंगती लक्षणीय आहे.

३. व्यक्तीची प्रतिकृती :
जॅक फिनी यांच्या ‘द बॉडी स्नॅचर्स’ (१९५५) या कादंबरीत अवकाशातून आलेल्या शेंगांमधून झोपलेल्या माणसांच्या प्रतिकृती तयार होतात. विल्मा ही स्त्री आपले काका हे आपले काका नव्हेत, असे डॉक्टरांना सांगते. रूप तेच, आठवणीही त्याच. उणीव असते ती भावनेची. येथे रक्ताची चाचणी उपयोगी नाही. केवळ निकटचा आप्तच हा भेद जाणू शकतो. मानसोपचारशास्त्रात १९२३ मध्ये वर्णिलेल्या कॅपग्रास विकारातही रुग्णाला आपला आप्त तोतया वाटतो. विल्माची तक्रार आणि विकाराचे लक्षण यांत बाह्यतः फरक नसल्याने तिच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. याच कादंबरीवरील १९५६ चा चित्रपट काहींनी साम्यवादाच्या भीतीचे, तर काहींनी मॅकार्थीकालीन दडपशाहीचे रूपक मानला.

संशयाचे मूल्य :
कसोटी सापडेपर्यंत प्रत्येक जण संशयित असतो. कॅम्पबेल यांच्या कथेवर आधारित ‘द थिंग’ (१९८२) या चित्रपटात क्लार्क या पात्राला झटापटीत गोळी घातली जाते आणि त्यानंतरच्या चाचणीत त्याचे रक्त मानवाचे असल्याचे सिद्ध होते. परग्रहवासीयाने नव्हे, तर परग्रहवासीयाच्या भयाने घेतलेला हा बळी होय.

निष्कर्ष :
१. वेषांतर शरीराचे, इच्छाशक्तीचे वा भावनेचे असू शकते आणि त्यानुसार कसोटी बदलते.
२. प्रत्येक कसोटीतून मानवत्वाची एक व्याख्या सूचित होते.
३. वेषांतर जितके परिपूर्ण, तितका संशय निरपराध्यांवर अधिक येतो. त्यामुळे परक्याला ओळखण्याच्या प्रयत्नात मानव स्वतःचे मानवत्व टिकवू शकतो काय, हाच या कथांमधील मूलभूत प्रश्न ठरतो.