नवा क्लच तरी कुरकुर का?

नगर जिल्ह्यातल्या चंदनापुरी किंवा करंजी घाटाचा चढ लागला की जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरचा कस लागतो. 1987 पासून रस्त्यावर असलेली ही गाडी बजाज टेम्पोची, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सची. 1958 साली ही कंपनी उभी करणारे नवलमल फिरोदिया नगरचेच. अशा जुन्या गाड्यांत आता झोपायचे बाक, पाण्याची टाकी, शेगडी बसवून फिरतं घर केलं जातं. वाढलेलं वजन ओढताना क्लचवर ताण येतो, तो बदलावा लागतो; आणि बदलल्यावरही तक्रार उरते.

क्लच चालतो घर्षणावर. प्रेशर प्लेट क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरते. पेडल दाबलं की ही पकड सुटते. सुटताना प्लेटभोवती पडणारी फट जेमतेम मिलिमीटरभर असते. म्हणूनच बारीकशी चूकही जाणवते.

गिअर पडताना खरखर होत असेल, तर क्लच पूर्ण सुटत नाही. हायड्रॉलिक क्लचमध्ये याचं नेहमीचं कारण नळीत राहिलेली हवा. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. पायाचा जोर तिथेच जिरतो. प्लेट उलटी बसली किंवा गिअरबॉक्स चढवताना त्याचा भार प्लेटवर येऊन ती वाकली, तरीही हेच होतं.

इंजिन गरजतं पण गाडी वेग घेत नाही, तेव्हा क्लच घसरतोय. पेडलला मोकळी चाल उरली नसेल किंवा क्रँकच्या सीलमधून गळणारं ऑइल प्लेटवर आलं असेल. गाडी सुटताना थरथरत असेल, तर फ्लायव्हीलचा पृष्ठभाग तपासावा. जुन्या चट्ट्यांवर नवी प्लेट सारखी टेकत नाही.

चालवण्याची सवयही महत्त्वाची. समजा, तीन टनांची गाडी दहा मीटरला एक मीटर चढावर हाफ क्लचवर रोखून धरली. पहिल्या गिअरमध्ये इंजिनच्या त्या फेऱ्यांना ताशी आठ किलोमीटर वेग मिळाला असता, तर क्लचमध्ये सुमारे साडेसहा किलोवॅट उष्णता तयार होते. घरातल्या तीन किलोवॅटच्या दोन गिझरपेक्षाही जास्त. चढावर गाडी हँडब्रेकनेच थांबवावी.

तक्रार आली की लगेच गिअरबॉक्स उतरवू नये. आधी तेलाची पातळी, नळीतली हवा, पेडलची चाल आणि गळती पाहावी. ही तपासणी थोड्या वेळात होते, आणि बरेचदा दोष तिथेच सापडतो.