चादरीच्या दोन बाजू

सोलापुरी चादरीवरील फूल कसे उमटले, असे वर्गात विचारल्यास पुष्कळ मुले ते छापले आहे असे सांगतात. अशा वेळी चादर उलटून दाखवावी. एका बाजूस पांढऱ्या जमिनीवर तांबडे फूल असेल, तर दुसऱ्या बाजूस तांबड्या जमिनीवर पांढरे फूल दिसते. छापील कापडात असे घडत नाही. ही दुहेरी वीण होय. एकावर एक अशी दोन कापडे एकाच वेळी विणली जातात, आणि नक्षीची कड येते तेथे वरचा रंग खाली व खालचा वर जातो.

कोणता धागा केव्हा उचलावयाचा, हा सारा हिशेब. नक्षी प्रथम चौकटीच्या कागदावर काढतात व त्यावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोके पाडतात. भोक असेल तेथील ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तेथील खाली राहतो. ही युक्ती १८०४ च्या सुमारास फ्रान्समधील जॅकार्ड याने सिद्ध केली.

परंतु हीच दुहेरी वीण दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात, चांकाय खोऱ्यातील विणकरांना त्यापूर्वी कित्येक शतके अवगत होती. त्यांच्या सुती कापडांवर पक्षी व मासे आहेत. मागाचे एक टोक खांबास व दुसरे कमरेच्या पट्ट्यास बांधावयाचे, अंग मागे झुकवून ताण द्यावयाचा आणि बोटांनी धागे मोजून उचलावयाचे. त्यांच्याजवळ ना पुठ्ठे होते, ना लिपी. पुढे त्याच देशात इंका राज्याचे हिशेब दोरीच्या गाठींत ठेवीत. एकक, दशक, शतक यांच्या गाठी दोरीवर निरनिराळ्या उंचीवर असत. स्थानमूल्य शिकविताना हे अवश्य सांगावे.

कुंभारीसारख्या गावी काही मुलांच्या घरी तेलुगू बोलतात. शाब्दिक उदाहरण अडले की त्यांच्या नावापुढे ‘गणितात कच्चा’ असा शेरा पडतो. तो लिहिण्यापूर्वी एक प्रयोग करावा. एका मुलाने चौकटीच्या वहीतील फुलाची एकेक ओळ ‘तीन उचल, दोन सोड’ अशी वाचावी व दुसऱ्याने मूळ चित्र न पाहता आपल्या वहीत घरे रंगवावीत. मोजणी एका घराने चुकली तरी पाकळी मोडते, आणि चूक मुलास स्वतःच दिसते. मागावर काम करणाऱ्या पालकास वर्गात बोलावता आले तर फारच उत्तम.

चादर मात्र जुनी, कड विसकटलेली घ्यावी. तिचे धागे सुटे करून पाहता येतात. नवी चादर कोणाच्याही घरून मागवू नये.